औषध घालूनही कुत्र्याला गोचीड पुन्हा पुन्हा होत असतील तर

"औषध घातलं की आठ-दहा दिवस बरं असतं, मग परत कानात गोचीड." कुत्रा पाळणाऱ्यांची ही तक्रार मी वर्षभर ऐकत असते. माझ्याकडे घरगुती बोर्डिंगला कुत्री येतात, शिवाय कुणी दत्तक घेईपर्यंत भटकी पिल्लंही राहतात. त्यामुळे हा एकच बिघाड मी अनेक घरांत निस्तरलाय, पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटपासून कोकणातल्या जांभ्याच्या घरापर्यंत. घर कुठलंही असो, कारणं तीच पाच-सहा निघतात आणि त्यातली निम्मी शोधायला एक पैसाही लागत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटापासून महागाकडे लावलाय. वरच्या पायऱ्या सोडून थेट पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करू नका. पैसे जातात आणि गोचीड राहतात.

मी पशुवैद्य नाही. कुठलं औषध आणि किती, हे तुमच्या कुत्र्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. मी सांगतेय ते औषध चालू असूनही गोचीड का थांबत नाहीत याबद्दल.

आधी लक्षणं

पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे:

- औषधानंतर आठवड्या-पंधरवड्यात पुन्हा गोचीड दिसतात, आणि ते बहुतेक लहान, चपटे, तपकिरी असतात.
- काही आठवडे एकही दिसत नाही, मग एकदम बारीक बारीक गोचिडांचा लोंढा येतो.
- भिंतीवर, पडद्याच्या शिवणीत, छताच्या कोपऱ्यात गोचीड चढताना दिसतात.
- कुत्रा फारसा बाहेर जात नाही, तरीही गोचीड आहेत.
- कुत्रा बोटांमधली जागा सतत चावतो, कान फडफडवतो, ठरावीक जागी झोपायला नको म्हणतो.

दुसरी यादी वेगळी आहे. कुत्रा खात नसेल, अंग तापलेलं असेल, हिरड्या पांढुरक्या झाल्या असतील, पोटाच्या उघड्या त्वचेवर लाल-जांभळे ठिपके दिसत असतील, नाकातून रक्त येत असेल, लघवी गडद तपकिरी होत असेल किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत असेल, तर वाचणं इथेच थांबवा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. हा टिक फिवर, म्हणजे गोचिडातून होणारा रक्ताचा आजार, असू शकतो. उद्यावर ढकलायचं ते दुखणं नव्हे. घर नंतर साफ करता येईल.

गोचीड राहतो कुठे

पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून दोन मिनिटं इथे थांबा.

आपल्याकडे घरातल्या कुत्र्यांवर सापडतो तो बहुतेक वेळा तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस. अंड्यातून सहा पायांची अळी निघते, तिचं आठ पायांचं पिल्लू होतं आणि त्याचा पूर्ण वाढलेला गोचीड. प्रत्येक टप्प्याला तो कुत्र्यावर चढतो, काही दिवस रक्त पितो, खाली पडतो आणि जवळच्या भेगेत जाऊन कात टाकतो. म्हणजे एका आयुष्यात तो तीनदा कुत्र्यावर येतो आणि तीनदा उतरतो. मादी शेवटचं रक्त पिऊन टम्म फुगते, तिचा रंग करडा-निळसर होतो. मग ती गळून पडते, भेगेत शिरते आणि हजारांनी अंडी घालते, चार हजारांपर्यंतसुद्धा. अंडी घातली की ती मरते. हवा उबदार असली की हे सगळं चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं, आणि पूर्ण वाढलेला गोचीड उपाशीपोटी वर्षाहूनही जास्त तग धरू शकतो.

यातला थोडासाच काळ तो कुत्र्याच्या अंगावर असतो. बाकी सगळा भिंतीत, चौकटीत, गादीत. औषधानंतर आठ दिवसांनी कानात दिसलेला गोचीड औषधातून वाचलेला असेलच असं नाही. बहुधा तो काल रात्री भिंतीतून आलेला असतो. आणखी एक, हा गोचीड वर चढतो. त्यामुळे नुसती फरशी पुसून त्याला काही होत नाही.

पायरी पहिली: तो गोचीडच आहे ना?

खर्च शून्य. हसण्यावारी नेऊ नका. कुत्र्याच्या पोटावरचं स्तनाग्र गोचीड समजून ओढणारे लोक मी पाहिलेत, आणि नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात. चामखीळही फसवते. बॅटरीच्या उजेडात केस बाजूला करून बघा. गोचिडाला त्वचेजवळ पाय दिसतात. स्तनाग्रं पोटावर दोन ओळींत, साधारण समोरासमोर असतात. टुणकन उडून पळाली तर ती पिसू, तिचा उपाय वेगळा.

बघायच्या जागा: कानाच्या आत आणि पाळीच्या घडीत, पट्ट्याखाली मानेभोवती, काखेत, जांघेत, शेपटीखाली, पापणीच्या कडेला आणि पायाच्या बोटांमध्ये. बोटांमधली जागा सगळ्यात जास्त राहून जाते.

काढताना बारीक टोकाचा चिमटा घ्या, त्वचेला अगदी लागून धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. पीळ देऊ नका, फुगलेलं पोट दाबू नका. काढलेला गोचीड नखाने चिरडू नका. त्याच्या आतल्या रक्तात जंतू असतात आणि आपल्या बोटाला कुठे ना कुठे चीर असतेच. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट घेऊन त्यात टाका. कुत्र्यालाही तो चावून गिळू देऊ नका. हेपॅटोझून नावाच्या जंतूचा आजार कुत्र्याला गोचीड चावल्याने होत नाही, गोचीड गिळल्याने होतो.

रॉकेल, पेट्रोल, जळती उदबत्ती, तंबाखूचं पाणी, फिनेल यांतलं काहीही लावायचं नाही. फिनेल आणि तंबाखू दोन्ही त्वचेतून अंगात जातात, वर कुत्रा ते चाटतो. "लसूण खाऊ घाला, गोचीड पळतात" असंही सांगतात. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या आणि मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गोचिडातून येणाऱ्या बेबेसिया या जंतूच्या आजारातही त्याच पेशी फुटतात. तेव्हा गोचीड असलेल्या कुत्र्याला लसूण घालणं म्हणजे दुहेरी घात.

पायरी दुसरी: तारीख आणि वजन

हीही फुकट, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घरं इथेच सापडतात. शेवटचं औषध कधी घातलं? "गेल्या महिन्यात" हे उत्तर चालत नाही. महिनाभर चालणारं औषध दीड महिन्याने घातलं तर मधले पंधरा दिवस दार सताड उघडं राहतं, आणि तेवढ्यात एका मादीचं पोट भरतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेवर गोल करा, पुढची तारीखही आत्ताच लिहा. "थंडी आली, आता गोचीड नसतात" म्हणून दिवाळीनंतर औषध बंद करणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातल्या घराच्या आतल्या भिंती गोचीड मरण्याएवढ्या गार कधीच होत नाहीत.

मग वजन. मानेवर घालायची औषधं वजनाच्या टप्प्यांप्रमाणे येतात. फिप्रोनिलचं उदाहरण घ्या. 10 ते 20 किलोच्या कुत्र्यासाठी 1.34 मिलीची नळी असते, 20 ते 40 किलोसाठी 2.68 मिलीची, म्हणजे बरोबर दुप्पट. लॅब्रॅडोरचं पिल्लू पाच-सहा महिन्यांचं असताना 18 किलो होतं, तेव्हा आणलेली नळी दुकानदाराच्या लक्षात राहिली. आता ते 26 किलोचं झालंय आणि दुकानदार तीच नळी देतोय, म्हणजे कुत्र्याला अर्धीच मात्रा मिळतेय. घरच्या वजनकाट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे. वजाबाकी करा. कुत्रा उचलण्यापलीकडचा असेल तर दवाखान्यात नुसतं वजन करून द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

मोठी नळी आणून ती दोन लहान कुत्र्यांत वाटणं हाही ठरलेला प्रकार. अंदाजाने अर्धं पडतं, कधी कमी, कधी जास्त. नका करू.

पायरी तिसरी: आंघोळ, आणि औषध नेमकं कुठे पडलं

मानेवर घालायचं औषध त्वचेवरच्या तेलातून अंगभर पसरतं. आदल्या दिवशी शॅम्पूने खसखसून आंघोळ घातली तर ते तेलच नसतं. दुसऱ्या दिवशी घातली तर औषध वाहून जातं. फिप्रोनिलच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. पावसाळ्यात रोज भिजून येणाऱ्या कुत्र्याला हे औषध पुरत नाही, त्याला पोटातून द्यायची गोळी बरी पडते का ते डॉक्टरांना विचारा.

घालताना दोन्ही खांद्यांच्या मधले केस बोटांनी दुभागा, खालची गुलाबी त्वचा दिसली पाहिजे. नळीचं टोक त्वचेला टेकवून पिळा. जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियनसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांत औषध केसांच्या वरच्या थरातच राहतं आणि मालकाला वाटतं, औषध नकली आहे.

गोचिडाचा शॅम्पू हे वेगळं प्रकरण. तो आज अंगावर असलेले मारतो. उद्या भिंतीतून येणाऱ्यांशी त्याचा काही संबंध नसतो. नुसत्या शॅम्पूवर भरवसा ठेवलेल्या घरात गोचीड कधीच संपत नाहीत.

आणि घाई नको. आजची बहुतेक औषधं गोचिडाला कुत्र्यापासून दूर ठेवत नाहीत, चढल्यावर मारतात, आणि त्याला एक-दोन दिवस लागू शकतात. औषधानंतर दुसऱ्या दिवशी एखादा जिवंत दिसला म्हणून लगेच दुसरं औषध वर चढवू नका. दोन औषधं एकावर एक घातल्याने विषबाधा झालेली कुत्री दवाखान्यात येतात.

पायरी चौथी: घरातले बाकीचे प्राणी

दोन कुत्री असतील आणि एकालाच औषध घातलं तर दुसऱ्याच्या रक्तावर अख्खी पिढी वाढते. सगळ्यांना एकाच दिवशी घाला.

मांजर असेल तर इथे जरा जास्त वेळ थांबा. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही घालायचं नाही. पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या गटातली औषधं कुत्र्याला चालतात, पण मांजराचं यकृत ती नीट मोडू शकत नाही. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, मरतं. कुत्र्याच्या अंगावरचं ओलं औषध मांजराने चाटलं तरी पुरे, म्हणून औषध घातल्यावर दोघांना निदान एक दिवस वेगळं ठेवा. शेतीच्या दुकानात गुरांसाठी मिळणारं औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालायची पद्धत गावोगावी आहे. त्यातलं बरंचसं याच गटातलं असतं किंवा अमिट्राझ असतं, आणि दोन्ही मांजराला घातक. कुत्र्यालाही बाटलीच्या झाकणाने अंदाजे घातलेलं अमिट्राझ गुंगी आणतं, नाडी मंद करतं. ज्याला मधुमेह आहे त्याची साखर वाढवतं. घरात ससा असेल तर त्याला फिप्रोनिल चालत नाही.

पायरी पाचवी: घर

खरं काम इथे आहे. खर्च फार नाही, पण रविवारचा अर्धा दिवस आणि चिकाटी लागते.

संध्याकाळी खोलीत अंधार करून बॅटरी घ्या. सोबत सेलोटेप, एखादं जुनं एटीएम कार्ड आणि साबणाच्या पाण्याची वाटी. कुत्रा झोपतो तिथे बसा आणि तिथून वर बघायला सुरुवात करा. स्कर्टिंगच्या टाइलची वरची कड, दाराच्या चौकटीमागची फट, सोफ्याच्या खालचं कापड, पडद्याची खालची शिवण, स्विचबोर्डची कड, एसीचा पाइप जातो ते भोक, बाल्कनीतल्या कुंड्यांच्या खालच्या ताटल्या. कार्ड फटीतून हळूच ओढलं की आतले बाहेर येतात. अळ्या खसखशीएवढ्या असतात, त्या बोटाने पकडता येत नाहीत. सेलोटेप चिकटवून उचला आणि टेप दुमडून टाका.

एका फ्लॅटमध्ये तीन औषधं बदलून झाली होती. कुत्र्याची गादी हॉलच्या भिंतीला लागून, गादीच्या वर माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर लग्नाचा मोठा फोटो. फ्रेम खिळ्यावरून उतरवली. मागच्या खरबरीत पुठ्ठ्यावर, फ्रेमच्या लाकडाला लागून, माद्या रांगेने बसलेल्या. दोघी-तिघी सुकून चिपाड झालेल्या आणि त्यांच्या पुढ्यात गडद तपकिरी, चकचकीत अंड्यांचे ढीग. फ्रेमच्या खालच्या कडेवरून अळ्या चालत होत्या. त्या घरात रोज दोनदा फरशी पुसली जात होती, तरी फ्रेमच्या मागे कुणाचाच हात गेला नव्हता.

सापडलं की असं करा. कुत्र्याची गादी, गोधडी, पांघरुणं धुण्याच्या मशीनमध्ये 60 अंशांवर धुवा किंवा कडकडीत पाण्यात भिजवा, कडक उन्हात वाळवा, आणि हे दर आठवड्याला करा. गोणपाट असेल तर टाकून द्या, त्याच्या विणीतून गोचीड निघत नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर फटींतून, सोफ्याच्या सांध्यांतून फिरवा आणि पिशवी त्याच दिवशी बांधून बाहेर टाका, नाहीतर ते आतून चालत परत येतात. फटी व्हाइट सिमेंटने बुजवा. एक डबा फार तर दीडशे-दोनशे रुपयांचा असतो, आणि महागड्या फवारणीपेक्षा त्याने मला जास्त घरं सुधारून दिली आहेत. भेग राहिली नाही की अंडी घालायला जागा राहत नाही.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची भिंत गिलाव्याविना सोडलेली असते. दगड दिसायला देखणा, पण त्याच्या प्रत्येक चिऱ्यात बोटाच्या पेरापर्यंत खोल छिद्रं असतात आणि गोचिडांना हवी तशी सावली, ओल, आडोसा सगळं आयतं मिळतं. मागच्या पडवीत अशा भिंतीला टेकून कुत्र्याला बांधलं तर औषध कितीही घाला. निदान त्याच्या झोपायच्या जागेभोवतीची भिंत पुरुषभर उंचीपर्यंत गिलावा करून चुन्याने रंगवा. तेही जमत नसेल तर कुत्र्याचा पाट किंवा खाट भिंतीपासून लांब, पडवीच्या मधोमध आणा. जुन्या वाड्यांत हेच तुळयांच्या आणि लाकडी पार्टिशनच्या फटींना लागू.

आता एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण ती नक्की करा. घर साफ होईपर्यंत कुत्र्याला दुसरीकडे पाठवून देऊ नका. औषध चालू असलेला कुत्रा हाच घरातला सगळ्यात चांगला सापळा आहे. भिंतीतला उपाशी गोचीड त्याच्यावर चढतो आणि मरतो. कुत्रा महिनाभर गावी धाडला तर गोचीड वाट बघत बसतात, आणि तेवढ्यात घरच्या माणसांना चावतात. हा गोचीड माणसाला क्वचितच धरतो, पण धरला तर इंडियन टिक टायफसचा जंतू त्याच्यातून येऊ शकतो. घरात कुणाला गोचीड चावल्यानंतर ताप आणि अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

दोडामार्ग-सावंतवाडीकडचे आणि गोव्यात सत्तरीतले लोक मला माकडतापाबद्दल विचारतात. माकडताप पसरवणारे गोचीड वेगळे, जंगलातले, हिमाफायसॅलिस जातीचे. भिंतीवर चढणारा हा तपकिरी गोचीड तो नव्हे. मात्र कुत्रा तुमच्याबरोबर काजूच्या बागेत, रानात जात असेल तर परतल्यावर त्याला आणि स्वतःलाही अंगणातच तपासा.

पायरी सहावी: औषधाचा प्रकार बदलणं

वरच्या पाच पायऱ्या दोन महिने नीट केल्या आणि तरी अंगावर फुगलेल्या, करड्या माद्या सापडतात, तर औषधच लागू पडत नाही असं म्हणायला आधार आहे. एकच औषध वर्षानुवर्षं वापरलेल्या भागात गोचीड त्याला सरावतात. फुगलेली मादी ही खूण महत्त्वाची आहे, कारण औषध चालत असेल तर गोचिडाला पोट भरेपर्यंत जगताच येत नाही. नुसते चपटे, बारीक गोचीड दिसत असतील तर औषध काम करतंय, घरातून पुरवठा चालू आहे.

हल्ली चघळायच्या गोळ्या मिळतात. अफोक्सोलॅनेर महिनाभर चालतं, फ्लुरालानेर साधारण 12 आठवडे. महाग आहेत, पण आंघोळीचा आणि दाट केसांचा प्रश्नच उरत नाही. फ्लुरालानेर जेवणाबरोबर द्यायचं असतं, नाहीतर ते अंगाला नीट लागत नाही. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये तशी सूचना काढलेली आहे. तुमच्या कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना ते न विसरता सांगा. पिल्लाचं वय आणि वजनही सांगा, कारण अगदी लहान पिल्लांना या गोळ्या देत नाहीत.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन "सगळ्यावर चालतं" म्हणून टोचून घेऊ नका. गोचिडांवर त्याचा भरवसा नाही, आणि कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांत ते मेंदूत शिरून जीव घेऊ शकतं.

पायरी सातवी: बाहेरचा पुरवठा

घर स्वच्छ, औषध बरोबर, तरी येतात? मग कुत्रा दिवसभरात कुठे कुठे बसतो ते बघा. सोसायटीचं पार्किंग, जिन्याखालची जागा, वॉचमनच्या केबिनमागची भिंत. तिथे झोपणाऱ्या भटक्या कुत्र्यांवर गोचीड असणारच. त्यांना हाकलून काही साधत नाही, त्यांच्या जागी दुसरी येतात आणि भिंतीतले गोचीड तिथेच असतात. रोज त्यांना खाऊ घालणारं कुणीतरी असतंच. त्यांना गाठा, वर्गणी काढा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खाण्यातून गोळी द्या. कुत्र्याला धरावं लागत नाही, फक्त वजनाचा अंदाज नीट हवा आणि ती गोळी त्याच कुत्र्याने खाल्ली हे उभं राहून बघायला हवं.

शेतावरच्या घरात गोठ्याला दोष देतात. गुरांवरचा नेहमीचा गोचीड मात्र वेगळ्या जातीचा असतो, आणि तो जन्मभर एकाच गुरावर राहतो. गोठ्यात कुत्री झोपत असतील तर त्या भिंती तपासा, पण म्हैस विकायची गरज नाही.

इथे थांबा: डॉक्टरांचं काम

वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा पुन्हा डोळ्यांखालून घाला. त्यांतली एक जरी दिसली तरी घरचे उपाय बंद. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, माणसापेक्षा जास्त. त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे ताप असं नसतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून 103 च्या वर गेलं तर ताप. ताप बघून क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका. आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो, आणि टिक फिवरमध्ये रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही मारते.

गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसत नाहीत म्हणून टिक फिवर नाही असं समजू नका. एर्लिकियाची (टिक फिवरच्या एका जंतूची) लक्षणं चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर तो गोचीड कधीच गळून पडलेला असतो. आजार अंगात दबून राहून काही महिन्यांनी वर येऊ शकतो. डॉक्टरांना सांगा: गोचीड कधीपासून, कुठलं औषध कोणत्या तारखेला, भूक कधी मंदावली. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्या, प्लेटलेटचा आकडा विचारा. रक्ताच्या काचेवर जंतू दिसला नाही म्हणजे आजार नाही असं होत नाही. गरज पडली तर डॉक्टर किटवर किंवा पीसीआर तपासणी सुचवतील. डॉक्सिसायक्लिन दिलं तर ते बहुधा 28 दिवसांचं असतं. चौथ्या दिवशी कुत्रा पोळी-दूध खायला लागतो आणि घरचे गोळी बंद करतात. पूर्ण करा, आणि ती खाण्याबरोबरच द्या. एकदा टिक फिवर होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही.

गाभण कुत्री, आठ आठवड्यांखालची पिल्लं, म्हातारी किंवा यकृताचा आजार असलेली कुत्री यांच्यावर कुठलंही औषध स्वतःच्या मनाने घालू नका. पिल्लाच्या अंगावर पुष्कळ गोचीड असतील तर त्यानेच रक्त कमी होऊन ते दगावू शकतं. ते दिवसभर निपचित पडून असेल तर लगेच न्या.

पायरी आठवी: पेस्ट कंट्रोल

छताच्या कोपऱ्यात गोचीड दिसतात, दोन-तीन खोल्यांत पसरलेत, किंवा शेजाऱ्यांच्या दारातही निघायला लागलेत, तेव्हा बोलवा. फोनवरच सांगा की काम गोचिडांचं आहे. झुरळांच्या जेलचा इथे उपयोग शून्य. फवारणी फटींत, स्कर्टिंगवर, चौकटींमागे, बाल्कनीत आणि वर छतापर्यंत व्हायला हवी. अंड्यांवर ती चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी आधीच ठरवून, पैशांत धरून घ्या. एकाच फवारणीत "गॅरंटी" देणाऱ्याला नको म्हणा. कुठलं औषध वापरणार ते नावासकट लिहून घ्या. त्या दिवशी कुत्रा, मांजर, पक्षी सगळे घराबाहेर. माशांची टाकी हलवता आली तर हलवा, नाहीतर ओलं कापड घालून झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, कारण हीच औषधं माशांना ताबडतोब मारतात. फरशी पूर्ण वाळून, खिडक्या उघडून घर मोकळं झाल्यावरच प्राण्यांना आत आणा. मांजराला सगळ्यात शेवटी.

फवारणीनंतर आठवडाभर गोचीड उघड्यावर जास्त दिसतात, ते फटींतून बाहेर पडत असतात. सेलोटेपने उचलत राहा. कुत्र्याचं औषध आणि दर आठवड्याची धुलाई शेवटचा जिवंत गोचीड दिसल्यापासून पुढे तीन महिने चालू ठेवा. मध्ये एखादा दिसला तर मोजणी त्या तारखेपासून नव्याने सुरू करा.